अर्धं पोतं

‘खोडता येत नाही.’ हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची शेती कोरीटला. मी नंदुरबारला शाळेत शिकवते, पण मिरचीच्या हंगामात माझे रविवार पथारीवरच जातात. पथारी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, तिथे मिरची उन्हात पसरतात. शेती बघते ती माझी वहिनी. एका वर्षी फवारणी करता करता दादा पंपासकट बांधावर कोसळला. वाचला, पण त्याचे हात थरथरतात ते आजतागायत. तेव्हापासून वहिनीने शेतात विषाचा थेंब येऊ दिलेला नाही. लसूण वाटते, ताक आंबवते, अळ्या हाताने वेचते. लोक हसले. हसू देत मेले!

मग फक्त बिनविषाची मिरची घेणारी एक कंपनी आली. पोत्यावर कोड चिकटवायचा; शहरातल्या गिऱ्हाइकाने त्याच्यावर मोबाइल धरला की कुणाचं शेत, तोडणी कधी, वाळवण कुठे, सगळं दिसणार. कंपनीचे साहेब आमच्या ओट्यावर बसून चहा पीत म्हणाले, “याला ब्लॉकचेन म्हणतात. एकदा लिहिलेलं कुणालाच खोडता येत नाही, आम्हालासुद्धा नाही.” वहिनीचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! बाजारात बिनविषाची मिरची आणि फवारलेली मिरची एकाच ढिगात पडायची. आता कुठे तिच्या मिरचीला तिचं नाव मिळणार होतं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आता आमच्याकडची एक रीत. अर्धं पोतं गाडीत चढवायचं नाही, पुढच्या साली शेत उणं पडतं म्हणतात. ज्याचं शेवटचं पोतं कमी भरेल त्याला शेजारी आपल्या ढिगातून भरून देतो. त्याचा हिशेब नाही की परतफेड नाही. कंपनीची गाडी आली त्या दिवशी वहिनीचं शेवटचं पोतं उणं राहिलं आणि शेजारच्या पथारीवरच्या काकू टोपली घेऊन आल्याच. “अर्धं पोतं कोनी धाडतस का माय? धर तोंड!” वहिनीने पोत्याचं तोंड धरलं, काकूंनी टोपली रिकामी केली, दोघी ठसका लागून खोकल्या आणि हसत सुटल्या. मी तिथेच उभी होते. काकूंच्या शेतात फवारणी होते हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण पोतं भरून देण्याला भेसळ कोण म्हणतं? कुणाच्या मनालाही शिवलं नाही.

कंपनीने तपासणीचा नमुना काढला तो नेमका त्याच पोत्यातून. त्यात फवारणीच्या औषधाचा अंश सापडला. वहिनीच्या नावापुढे लाल खूण आली आणि तिची सगळी मिरची नाकारली गेली. ती मोबाइल हातात घेऊन बसली. “मी तं फवारणी करीच नही,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, रीत समजावली.

“मॅडम, मला पटतंय. पण नोंद खोडता येत नाही. तीच तर तिची खासियत आहे.”

“अहो, पण नोंद खोटी आहे!”

“खाली दुसरी जोडता येईल. ज्यांनी मिरची टाकली त्यांचं नाव द्या. मग लाल खूण त्यांच्याकडे जाईल.”

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे चोरच नव्हता, आणि यांना कुणीतरी फासावर हवंच होतं! मी वहिनीला म्हटलं, दे नाव, काकू कुठे या कंपनीला मिरची देतात? ती माझ्यावरच उखडली. “काकूनं नाव लाल करू का ताई? मन्हं पोतं भरी दिधं म्हनीसन?”

नाव दिलं नाही. काकूंना कळूही दिलं नाही. बिनविषाची ती मिरची फवारलेल्या ढिगात जाऊन पडली, आणि मी घरात भांडी आपटत राहिले. दुसरं काय करणार? पोत्यात मिरची का ओतली, ते लिहायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. चुलीत घाला असलं यंत्र!

साहेबांनी उपकार केल्यासारखं आणखी एक सांगितलं होतं. पुढच्या हंगामात माल स्वच्छ निघाला तर लाल खुणेखाली हिरवी खूण येईल आणि कंपनी पुन्हा मिरची घेईल.

पुढचा हंगाम आला. वहिनीचं शेवटचं पोतं पुन्हा उणं राहिलं. काकू टोपली कमरेवर घेऊन आल्या, तसंच हसत. वहिनीने पोत्याच्या तोंडावर आडवा हात धरला. “काकू, ऱ्हावू द्या.”

काकूंना आधी थट्टा वाटली. मग त्या वहिनीच्या हाताकडे बघत राहिल्या. “मन्हं काय चुकनं, माय?”

वहिनी काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर काकूंनी स्वतःला जन्मभर बोल लावून घेतला असता. ती खाली मान घालून पोतं शिवत राहिली. काकू भरली टोपली घेऊन परत गेल्या. आमच्या घरचं अर्धं पोतं पहिल्यांदा गाडीत चढलं.

महिन्याभरात हिरवी खूण आली. साहेबांनी फोन करून अभिनंदनसुद्धा केलं. काकू मात्र त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर आलेल्या नाहीत.