‘क’ आणि ‘ख’ मध्ये काही फरक पडत नाही

दिनांक १२ जून २००३. रक्कम चार लाख ऐंशी हजार रुपये. हजर: डेअरीचे मालक, जनरल मॅनेजर, पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचे दोघे आणि हिशेब विभागाचा प्रमुख म्हणून मी. कराराच्या दोन प्रतींवर सह्या झाल्या आणि पेढे वाटले गेले. मी पेढा खिशात ठेवला, कारण करारात एक कलम नव्हतं आणि ते का नाही हे मला कुणी सांगत नव्हतं.

आमची डेअरी खासगी आणि लहान. कोल्हापूरच्या बाहेर हायवेवर प्लांट, शाहूपुरीत ऑफिस. गावोगावच्या केंद्रांचं दूध टँकरने सकाळ-संध्याकाळ प्लांटवर यायचं. तिथे डॉकवर प्रत्येक केंद्राच्या दुधाची तपासणी व्हायची आणि लिटर, फॅट, एस.एन.एफ. हे आकडे कॉम्प्युटरवर चढायचे. एस.एन.एफ. म्हणजे दुधातली चरबी सोडून उरलेलं सत्त्व. पाणी घातलं की ते उतरतं. डॉकवरची ही यंत्रणा १९९४ पासून चालू होती, दिसायला जुनाट, पण आकड्याला पक्की. बिलं तिच्यावरूनच निघत.

मालकांना मात्र ग्राफ हवे होते. पुण्याच्या कंपनीने सुचवलं की शहरातल्या ऑफिसात ‘डेटा वेअरहाऊस’ करू. मालकांनी विचारलं, “गोडाऊन कुठं बांधायचं?” त्यांना समजावलं गेलं की हे गोडाऊन म्हणजे दुसरा एक सर्व्हर. डॉकवर नोंद झाली की पाच-दहा मिनिटांत टेलिफोनच्या लाइनवरून तिची नक्कल इथे येणार. या नक्कल करण्याला ते रेप्लिकेशन म्हणत. मूळ जागेवर लिहा, दुसऱ्या जागेवर आपोआप उमटेल.

माझं कलम साधं होतं. रोज मूळ नोंदी किती, नक्कल किती, आणि दोन्हीकडचे लिटर किती, याचा ताळा कंपनीने द्यावा. जनरल मॅनेजर म्हणाले, “तुम्हाला प्रत्येक गोष्टीत किराणा दुकान दिसतं.” कलम गेलं.

गणपती झाल्यावर नव्या सर्व्हरची बसवणी सुरू झाली. पहिल्यांदा सगळ्या जुन्या नोंदी एकदम नकलायच्या होत्या. कंपनीचा तरुण इंजिनिअर माझ्याच टेबलाशेजारी बसला होता. काम सुरू झालं आणि त्याच्या पडद्यावर लाल ओळी धावायला लागल्या. मी विचारलं, “हे काय?”

“डुप्लिकेट आहेत सर. एकच कोड दोनदा आलाय.”

“आमच्याकडे एक कोड दोनदा नसतो.”

“जुन्या डेटात असतंच सर हे.” त्याने एका चौकटीत टिक केली. अर्थ असा, की नोंद आधीची असेल तर तिच्यावरच नवी लिही, नसेल तर भर, आणि तक्रार करू नकोस. लाल ओळी थांबल्या. त्या ओळी वाचायला त्याने एक मिनिटसुद्धा दिलं नव्हतं, हे मी शेजारी बसून पाहिलं. त्याचा मला आजही संताप येतो. यंत्र घसा फोडून सांगत होतं, आणि त्याने त्याचं तोंड बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून मी माझा ताळा स्वतःच घालू लागलो. नव्या सर्व्हरवर रोज साडेसहाशेच्या आसपास लिटर कमी. केंद्रंसुद्धा नऊ कमी. मी लेखी कळवलं. जनरल मॅनेजरांनी त्याचा अर्थ लावला की आपल्या माणसांच्या डबल एंट्र्या नव्या सिस्टीमने पकडल्या. मीटिंगमध्ये त्यांनी ते मोठ्या अभिमानाने सांगितलं. कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली आणि त्याला ‘डेटा क्लीन झाला’ असं नाव दिलं. साडेसहाशे लिटर दूध रोज टाकीत पडत होतं, पिशव्यांत भरून विकलं जात होतं, आणि हे लोक ते अस्तित्वातच नाही म्हणत होते.

दिवाळीनंतर ग्राफ निघाले. त्यात आजऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका केंद्राची रेघ रोज संध्याकाळी खाली पडलेली. सकाळी एस.एन.एफ. नऊ, संध्याकाळी आठ. जनरल मॅनेजरांनी कुणाला न विचारता त्या केंद्राचं संध्याकाळचं दूध उचलणं बंद केलं. वर रूट सुपरवायझरला पाठवून, लोक किटल्या घेऊन रांगेत उभे असताना, दारात मोठ्याने सांगायला लावलं की तुमची बाई दुधात पाणी घालते.

केंद्र चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या आसपासच्या. चार दिवसांत त्या शाहूपुरीत हजर झाल्या, हातात दुधाची बरणी. केबिनमध्ये जनरल मॅनेजर, तो इंजिनिअर आणि मी.

“घ्या, तपासा,” त्यांनी बरणी टेबलावर आपटली.

जनरल मॅनेजर म्हणाले, “बाई, एका बरणीने काय होतंय? ग्राफ बघा. रोज सकाळी चांगलं, रोज संध्याकाळी पातळ. याचा अर्थ काय?”

“अर्थ तुमी सांगा. माज्या गावच्या म्हशी दोन टायमाला दोन जातीच्या व्हत्यात व्हय?”

इंजिनिअरला हसू आलं. बाई त्याच्याकडे वळल्या. “पावणं, हसाय काय झालं? तुमच्या मशीननं दूध पिऊन बगितलंय व्हय?”

मग त्यांनी पिशवीतून बिलं काढली. “ह्यात सांच्यालाबी नऊच हाय की. तुमीच दिल्याली बिलं हायत.”

जनरल मॅनेजर म्हणाले, “म्हणजे डॉकवरचा कुणीतरी तुम्हाला सामील आहे.”

आता माझा आवाज चढला. मी म्हणालो, “साहेब, दोन्ही आकडे डॉकवरूनच येतात. बिल मुळावरून निघतं, ग्राफ नकलेवरून. नक्कल मुळाशी जुळत नसेल तर चूक मुळाची कशी?”

“ही नवीन सिस्टीम आहे. पाच लाखांची.”

म्हणजे किंमत जास्त म्हणून नक्कल खरी. बाई म्हणाल्या, “मग मला दावा तरी, माजं केंद्र कुठं हाय त्यात.”

आम्ही सर्व्हरच्या खोलीत गेलो. बाईंचा कोड ख-७. इथे थोडं सांगायला हवं. आमचे मूळ रूट चार: अ, ब, क, ड. पुढे नेसरीच्या बाजूच्या क रूटमधून आजऱ्याकडे एक फाटा काढला, नऊ केंद्रांचा. तो क मधून निघाला म्हणून त्याला ख नाव दिलं आणि केंद्रांना पुन्हा एकपासून नंबर दिले. आणि तेव्हाचं कॉम्प्युटरवरचं मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरावर चढवलेला मराठी मुखवटा होता. इंग्रजी लहान के दाबला की पडद्यावर क दिसायचा, मोठा के दाबला की ख. यंत्राच्या पोटात मात्र लहान के आणि मोठा के एवढंच.

इंजिनिअरने लहान के, सात असं टाइप केलं. पडद्यावर बाईंच्या केंद्राचं नाव आलं.

मी म्हणालो, “मोठा के दाबा. ख आहे तो.”

“काही फरक पडत नाही सर,” तो म्हणाला. “नवीन डेटाबेसला लहान-मोठं अक्षर एकच. आपण तसं सेटिंग ठेवलंय. सर्च सोपा पडतो.”

त्याने दोन्ही करून दाखवलं. दोन्ही वेळा तेच नाव, तेच आकडे.

मला सगळं एकदम दिसलं. मी त्याला म्हणालो, “अहो, तुम्हाला फरक पडत नाही. आमच्यात त्या फरकाला क आणि ख म्हणतात. ती दोन गावं आहेत!”

नवा सर्व्हर क-७ आणि ख-७ एकच धरत होता. नाव राहिलं बाईंच्या केंद्राचं, कारण ते यादीत नंतर आलं. आकडे मात्र जो टँकर डॉकवर शेवटी पोचेल त्याचे. सकाळी आजऱ्याचा टँकर शेवटी, म्हणून बाईंचं दूध बाईंच्या नावावर. संध्याकाळी नेसरीकडचा शेवटी, म्हणून क-७ चं पातळ दूध बाईंच्या नावावर. बाकीच्या आठ जोड्यांतही हेच चाललं होतं, पण तिथलं दूध दोन्हीकडे सारखंच, म्हणून रेघ हलली नव्हती. माझी कमी पडलेली केंद्रंही तीच नऊ.

इंजिनिअरने त्याच्या साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, आमचं सेटिंग स्टँडर्ड आहे, तुमचा डेटा नॉन-स्टँडर्ड आहे. म्हणजे आमची बाराखडी नॉन-स्टँडर्ड.

बाईंना मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हंजी त्याचं दूध माज्या नावावर घातलं, आन् पाणी मी घातलं. आसंच न्हवं?” मी हो म्हणालो. “मग लिवून द्या.”

दुरुस्तीला दोन दिवस लागले. ते सेटिंग बदललं, नव्या सर्व्हरवरचा माल पुसून मुळापासून परत नकलला. लाल ओळ एकही आली नाही. संध्याकाळी माझा ताळा लिटरला लिटर लागला. हे सप्टेंबरात झालं असतं, जर कुणी ती पहिली ओळ वाचली असती.

जनरल मॅनेजरांनी पत्र तयार केलं: ‘तांत्रिक कारणास्तव स्थगित केलेले सायंकाळचे संकलन पूर्ववत सुरू करण्यात येत आहे.’ बाई पुन्हा आल्या. मी वाचून दाखवलं.

“ह्यात पाणी कुठं हाय?”

जनरल मॅनेजर म्हणाले, “पाणी हा शब्द पत्रात येणार नाही.”

“माज्या दारात वरडाय लावलासा तवा आला की त्यो शबुद! तांत्रिक म्हंजी काय कळतंय गावात? बाई सुटली म्हनतील. मी पाणी घातलं न्हाय आसं लिवा.”

“बाई, संस्थेची अडचण समजून घ्या.”

“माजी घेतलासा व्हय?”

त्या सरळ मालकांच्या केबिनमध्ये जाऊन खुर्चीवर बसल्या. मीही मागून गेलो आणि दुरुस्तीच्या आधीचा व नंतरचा असे दोन ताळे मालकांसमोर ठेवले. मालकांनी पत्र ओढून खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘आपल्या केंद्राच्या दुधात पाणी नव्हते. चूक आमच्या कॉम्प्युटरची होती.’ सही केली, शिक्का मारला.

बाईंनी ते गावात सगळ्यांसमोर वाचायला लावलं. तरी संध्याकाळचं निम्मं दूध तोवर दुसऱ्या डेअरीकडे गेलं होतं, आणि त्यातलं थोडंच परत आलं. बंद काळातलं संध्याकाळचं कमिशन त्यांनी मागितलं. हिशेब मीच केला, सातशे ऐंशी रुपये. जनरल मॅनेजरांनी शेरा मारला, ‘दूध आले नाही, सबब कमिशन देय नाही.’ त्याच आठवड्यात कंपनीचं बिल आलं: ‘कॅरेक्टर सेटिंग बदल, जादा काम, पस्तीस हजार.’ मी त्यावर ‘ही यांचीच चूक, देऊ नये’ असं लिहून व्हाउचर परत पाठवलं. ते माझ्या टेबलावर पुन्हा आलं, मालकांच्या सहीने. वकिलाचा खर्च यापेक्षा जास्त होईल, असं कारण मला सांगण्यात आलं. मी चेक काढला.

शेवटी दिलेल्या रकमा अशा. पुण्याच्या कंपनीला कराराचे चार लाख ऐंशी हजार आणि जादा कामाचे पस्तीस हजार, मिळून पाच लाख पंधरा हजार. केंद्रवाल्या बाईंना, आजरा ते कोल्हापूर एस.टी.ने दोन खेपांचा प्रवासखर्च, एकशे ऐंशी रुपये.