जिन्याखालचं ऑफिस

कंपनीच्या साहेबांची अट एकच होती, मागून आवाज यायला नको. सौरपंपाच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, काय बिघडलंय ते लॅपटॉपमध्ये भरायचं, असं काम. घरी बसून. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून साडीच्या दुकानात दिवसभर उभं राहणं बंद झालं होतं, आणि नववीत शाळा सुटलेल्या बाईला बसून करायचं काम दुसरं कोण देणार? साहेबांनी शिक्षण विचारलंच नाही. आवाज स्वच्छ आहे म्हणाले. कधी विचारतील ही धास्ती मला तेव्हा होती, अजूनही आहे.

लोणखेड्यात आमची भाड्याची एकच खोली, तीही रस्त्याला लागून. ट्रॅक्टर गेला की मांडणीतली ताटं वाजायची. मी कोकणातली. नवऱ्याला पपईच्या गाड्या भरून द्यायचं काम इकडे मिळालं म्हणून आले. इथं ना सासर ना माहेर. जे काय आहे ते घरमालकीण मावशी. पहिले काही महिने त्यांचं अहिराणी मला निम्मं कळायचं नाही, मी नुसती हसायचे. कदाचित म्हणूनच त्यांचा माझ्यावर जीव बसला असेल.

कामाचं सांगितलं तर त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि जिन्याखालचं दार उघडलं. आत गोधड्यांचा ढीग, तांब्याचे हंडे, पाटांची चवड. खोली कसली, कपाटच. खिडकी नाही. मी आत शिरले तर एका बाजूला डोकं पायऱ्यांना लागत होतं.

"हाई खोली तुन्ही शे," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, तुमचं सामान कुठं जाईल?"

"मन्हा पलंगखाले जाई. त्याले कोठे नोकरीले जानं शे?"

खरंच हंडे त्यांच्या पलंगाखाली गेले. शिलाई मशीन मोडीत गेलं होतं, त्याचं टेबल उरलेलं, ते आत बरोबर बसलं. नवऱ्याने वायर ओढून बल्ब लावला, वर छोटा पंखा. लॅपटॉप कंपनीचा, त्याला हात लावताना मी आधी पदराला बोटं पुसायचे. सगळं झालं, पण साहेबांशी बोलून बघितलं तर ते म्हणाले, "विहिरीत बसून बोलताय का?" आवाज घुमत होता. तेव्हा मावशींनीच डोकं चालवलं. ज्या गोधड्या बाहेर काढल्या होत्या त्याच खिळ्यांना लटकवून चारी भिंती झाकल्या. आवाज एकदम मऊ झाला. साहेब खूश. म्हणाले, सोमवारी अकराला खरा फोन जोडतो, मी ऐकत असेन, जमलं तर ठेवू.

सोमवारी मी आंघोळ करून, देवाला दिवा लावून लवकरच आत जाऊन बसले. अकरा वाजत आले तशा मावशी आल्या. एका हातात खापरावर निखारे, दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी आणि वाळक्या मिरच्या.

"नवी खोली, नवं काम, आनि गल्लीन्या बाया कालपासून डोकावी ऱ्हायन्या," म्हणाल्या. मूठ माझ्यावरून उतरवली, मग लॅपटॉपवरून, मग गोधड्यांवरून. दृष्ट तर आमच्याकडेही काढतात, पण ते सगळं नंतर चुलीत नाहीतर अंगणात जातं. मला वाटलं, आता त्या बाहेर जातील. पण दृष्ट खोलीची होती. त्यांनी मिरच्या तिथंच, माझ्या पायाशी, निखाऱ्यावर टाकल्या.

नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण ज्या बाईने माझ्यासाठी आपले हंडे पलंगाखाली सारले, तिला काय म्हणून नको म्हणू? तोंड उघडलं त्यात धूर गेला.

मिरच्या जळून ठसका नाही लागला तर नजर लागली होती असं समजायचं, आणि ठसका लागला तर काही नव्हतं. आम्ही दोघी खोकून खोकून वाकलो. मावशींच्या डोळ्यांतून पाणी, पण तोंडावर आनंद.

"दख, कितला ठसका! कोन्हीच नजर नही लागनी तुले."

आणि खापर उचलून त्या बाहेर गेल्या. जाताना आठवणीने दार घट्ट लावून घेतलं. बाहेरचा आवाज नको म्हणून.

फोन वाजला. पंखा लावावा तर गोधड्यांतला धूर उलट अंगावर यायचा. धानोऱ्याकडचे कुणी शेतकरी होते, पंप सकाळपासून बंद. मी पाठ केलेलं नमस्काराचं वाक्य अर्ध्यात तुटलं. परत सुरू केलं, परत तुटलं. नाक वाहत होतं. साहेब ऐकतायत एवढंच डोक्यात.

"कंट्रोलरवर... लाल दिवा... लागलाय का दादा?"

पलीकडून ते हळूच म्हणाले, "बहीन, रडी ऱ्हायनी का? रडू नको. मन्हा पंप इतला बी बिघडेल नही."

मी नाही म्हणायला गेले, तर हुंदक्यासारखाच आवाज निघाला. त्या माणसाने मग मी न विचारता सगळं सांगितलं, दिवा कुठला, कधीपासून, लिहून झालं का, घाई नको. मी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसत नव्हतं.

दुपारी साहेबांचा फोन आला. "घशाला काही औषध घ्या," म्हणाले. "उद्यापासून बसा." मी इतके आभार मानले की त्यांनीच फोन ठेवला.

काम मिळालं ते कशामुळे, याबद्दल मावशींच्या मनात शंका नाही. तेव्हापासून दर अमावस्येला खापर येतं. त्या सकाळी माझ्याकडे पूजा असते असं मी साहेबांना सांगून ठेवलंय, ते मला पहिला तास सोडतात. आता त्यांच्या जागी दुसरे साहेब येणार आहेत म्हणे. ते तास सोडतील का, माहीत नाही. शिक्षण विचारतील का, तेही नाही. म्हणून आज मावशींना स्पष्ट सांगायचंच ठरवून मी ओट्यावर जाऊन बसले. त्या सुपात मिरच्या निवडत होत्या. लांब, लालभडक, देठासकट अशा त्यांनी बाजूला काढल्या होत्या.

"ह्या तुन्हासाठे," म्हणाल्या.

"चांगल्या आहेत," मी म्हटलं.