परसातलं डबकं आणि निळी कमळं

लढाईवरून तार आली तेव्हा मी वीस वर्षांची होते. नवरा ब्रह्मदेशात पडला होता. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. पलूसजवळच्या आमच्या वस्तीवर मला बजावण्यात आलं, की सणावाराला पुढं यायचं नाही आणि फुलांना हात लावायचा नाही.

परसात विहिरीच्या सांडपाण्याचं एक डबकं होतं, चार खाटा मावतील एवढं. म्हशी त्यात लोळायच्या. त्या उन्हाळ्यात गावतळं आटलं आणि चिखलात निळ्या कमळांचे गड्डे उघडे पडले. सात-आठ ओच्यात घालून घरी आणले.

पहिल्यांदा तसेच डबक्यात टाकले. काही म्हशींनी तुडवले, बाकीचे कुजले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आणले. या खेपेला जुन्या पाट्यांत काळी माती भरून गड्डे लावले, माती वाहून जाऊ नये म्हणून वर गोटे ठेवले. पाट्या आधी काठाला, उथळ पाण्यात ठेवल्या. पानं वर आली तशा आत सरकवल्या. भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या. म्हशींना रोज ओढ्यावर नेण्याचं काम मीच अंगावर घेतलं, कुणाला बोलायला जागा नको म्हणून. श्रावणात पहिलं फूल उमललं.

वस्तीवर कुजबुज सुरू झाली. थोरले दीर जेवताना म्हणाले, "लोक हसत्यात. उद्या डबकं बुजवायचं. तितं गुऱ्हाळाचं जळण रचू."

"जळणाला खळं हाय की, भावजी."

"मला उलट बोलतीस?"

"व्हय."

माझा आवाज घरात एवढा मोठा पहिल्यांदाच निघाला होता.

सकाळी मुरमाची गाडी आली. मी कासोटा मारला आणि पाण्यात उतरले. कमरेएवढं पाणी, तळाला गुडघाभर गाळ. गडी फावडं घेऊन नुसता उभा राहिला.

"भाईर ये," दीर ओरडले.

"टाका मुरूम. मी हितनं हलणार न्हाई."

"लाज न्हाई वाटत?"

"फुलाला हात लावू नगं म्हणला. न्हाई लावला. चिखलाला लावला. आता चिखलबी नगं?"

आरडाओरडा ऐकून सासू बाहेर आली. ती मला दंडाला धरून ओढणार असंच मला वाटलं. पण ती काठावर बसली, लुगडं सावरलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. गड्याला म्हणाली, "ही जागा माझ्या धाकट्याच्या वाटणीची. आता हिची हाय. गाडी फिरीव रं."

मुरूम वाटेवरच्या खड्ड्यात गेला.

मी लगेच वर आले नाही. हात पुढं करून एक कमळ देठासकट खुडलं आणि सगळ्यांच्या देखत, चिखलाच्या हातांनी अंबाड्यात खोवलं. सासूनं तोंड फिरवलं. पण काढ म्हणाली नाही. मी काढलंही नसतं.

दीर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मीही त्यांच्याशी बोलायला गेले नाही. काही घरांनी लग्नकार्याला सासूलाही बोलवणं सोडलं. त्याच घरांतल्या सुना मात्र दुपारी मागच्या दारानं गड्डे मागायला यायच्या, पदराआड पाटी लपवून. मी मुद्दाम वाटेवर ऐकू जाईल अशी हाक मारायचे, "कमळं लावायची व्हय गं? ये की, पुढच्या दारानं ये!"