नवीन टायर पुढे

आठ वर्षांपूर्वी वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगखाली एअरपोर्टला जायची गाडी उभी होती. सामान डिकीत चढलं होतं, आई पुसलेले डोळे पुन्हा पुसत होती, आणि माझे बाबा खाली वाकून त्या गाडीच्या मागच्या टायरवरून हात फिरवत होते. निरोप द्यायला आलेल्या शेजारणी मला सोडून त्यांच्याकडेच बघायला लागल्या. बाबा उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "टायर पार गोटा झालाय. ह्या गाडीतून माझी पोरगी जाणार नाही." ड्रायव्हरने समजावलं, माझ्या नवऱ्याने, प्रशांतने, घड्याळ दाखवलं. बाबा ढिम्म. शेवटी दुसरी गाडी मागवली, सगळं सामान पुन्हा चढवलं, आणि त्या धावपळीत मी त्यांना नीट जयभीमसुद्धा न करता निघाले. विमान उडेपर्यंत मी चिडलेलीच होते. रडू नंतर आलं, प्रशांत झोपल्यावर.

बाबांनी खोपटच्या बस डेपोत बत्तीस वर्षं टायर विभागात काढली. तिथला त्यांचा एक नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. नवीन टायर पुढच्या चाकांना, रिमोल्ड मागच्या. रिमोल्ड म्हणजे झिजलेल्या टायरवर पुन्हा रबर चढवून केलेला. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं आणि पन्नास माणसं खड्ड्यात; मागचा फुटला तर गाडी निदान सावरता येते. हा नियम बाबा कुठेही लावायचे. घरात नवीन चादर आली की ती पुढच्या खोलीत, जुनी मागच्या. आई वैतागायची, पण चादर पुढेच जायची.

कॅनडात, ओटावाला आल्यापासून मी काही एका जागी बसलेली नाही. जागा आहे, नोकरी आहे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला मान आहे, पण दर हिवाळ्यात आमचं एक ठरलेलं वाक्य असतं: पुढच्या वर्षी परत जाऊ. जे माझ्यासारखे इकडे आलेत त्यांना वेगळं सांगायला नको. या वाक्यापायी आम्ही कितीतरी गोष्टी घेतल्या नाहीत. मोठं कपाट नाही, चांगला सोफा नाही, आणि विंटर टायर नाहीत.

तिकडच्यांसाठी हे जरा उलगडून सांगते. गाडी घेतली तेव्हा तिला ऑल सीझन टायर होते. सगळे ऋतू म्हणजे सगळे, असं मी समजले. इथे आल्यावर कळलं की त्यात हिवाळा धरत नाहीत. पारा सातच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होतं आणि बर्फावर ते घसरायला लागतात. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. पण तो चार टायरचा वेगळाच संच. नोव्हेंबरात चढवायचा, एप्रिलात उतरवायचा, आणि उरलेले महिने कुठेतरी रचून ठेवायचा. त्याला जागा लागते. आणि जागा करायची म्हणजे इथेच राहायचं हे कबूल करायचं. त्यात आमची गाडी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरीची मोटर दोन्हींवर चालणारी. डोंबिवलीत वाढलेल्या आमच्या प्रशांतला तिच्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा बघण्यात जो आनंद होतो, तो पोरीचं प्रगतिपुस्तक बघतानाही होत नाही. विंटर टायरने ॲव्हरेज पडतं, म्हणून तोही गप्प.

गेल्या नोव्हेंबरात पुढचे दोन टायर झिजले. आम्ही दोनच नवीन घेतले, पुन्हा ऑल सीझनच. दुकानातला माणूस म्हणाला, चार विंटर घ्या. मी नको म्हटलं. तेव्हा त्याने नवीन दोन मागे लावले आणि मागचे अर्धे झिजलेले पुढे आणले. असंच करतात, म्हणाला. मला राहवेना. घरी येऊन बाबांना फोन लावला.

"मागं लावले?" बाबा म्हणाले. "नवीन टायर मागं? त्याला काय येतं का काही? वैशू, जॅक आहे ना गाडीत? पाना आहे? शनिवारी व्हिडिओ लाव, आपण करू."

शनिवारी सकाळी मी पार्किंगमध्ये फोन दगडाला टेकवून उभा केला. तिकडे संध्याकाळ होती, बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "नट आधी नुसते ढिले कर, मग जॅक लाव. हाताने नाही, पायाने दाब, वजन टाक. हां. आता समोरासमोरचे नट आवळ, गोल गोल नको जाऊ." माझी बोटं बधिर झाली होती आणि मी इतकी खूश होते की विचारू नका. आठ वर्षांत पहिल्यांदा बाबा माझ्या घरी आल्यासारखे वाटले. नवीन टायर पुढे गेले, जुने मागे. बाबांनी प्रत्येक चाक जवळून दाखवायला लावलं. नंतर आईकडून कळलं, खोपटच्या चहाच्या टपरीवर ते डेपोतल्या जुन्या दोस्तांना सांगत होते, कॅनडातली गाडी मी इथून दुरुस्त केली.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. सकाळी मी सांचीला, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या मुलीला, शाळेत सोडायला निघाले होते. उतारावर वळण आलं आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. हायब्रिडमध्ये पाय काढला की मोटरच ब्रेकचं काम करायला लागते, आणि आमच्या गाडीत ते पुढच्या चाकांवर होतं. पुढच्या नवीन टायरांनी रस्ता धरला. मागच्या जुन्यांनी सोडला. गाडीचा मागचा भाग पुढे यायला लागला, मी स्टिअरिंग फिरवत राहिले, आणि आम्ही आलेल्या दिशेला तोंड करून बर्फाच्या ढिगाला टेकून थांबलो. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच. सांची रडली नाही. तिने हळूच विचारलं, "आई, आपण उलटे का झालो?"

दुकानातला माणूस बरोबर होता. बर्फात मागची पकड सुटली की गाडी सावरत नाही, म्हणून दोनच नवीन असतील तर ते मागे. डेपोतला नियम टायर फुटण्यासाठी होता, घसरण्यासाठी नव्हता. मी त्या रविवारी एकटीने जॅक लावला, फोन न करता, आणि चाकं पुन्हा बदलली. चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर तीन आठवडे बाबांचा प्रत्येक फोन त्याच प्रश्नाने सुरू व्हायचा. "जय भीम. टायर कसे आहेत?" मी म्हणायचे, मस्त. प्रशांत म्हणाला, सांगू नकोस, मनाला लावून घेतील. पण मला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं. फोन ठेवला की मी घरभर फिरायचे, घासलेली भांडी पुन्हा घासायचे. आयुष्यात बाबांशी मी बरंच खोटं बोलले असेन, पण टायरबद्दल कधीच नाही.

शेवटी सांगितलं. सगळं, वळणासकट.

बाबांनी आधी विचारलं, "सांचीला लागलं?"

"नाही."

"तुला?"

"नाही, बाबा."

"मी बर्फ बघितलेला नाही गं. जे बघितलं नाही त्याच्यावर मी बोलायला नको होतं." मग म्हणाले, "आता ह्या गोष्टी तिथल्या माणसांना विचारत जा. मला नको विचारू." आणि फोन आईला दिला.

त्यानंतर ते फोनवर यायचे, जेवलात का, थंडी किती, पोरीचा अभ्यास कसा चाललाय, एवढंच. टायर हा शब्द गेला. वर्तकनगरहून निघाले तेव्हा मी घर सोडलं असं मला वाटत होतं. तेव्हा काहीच सुटलं नव्हतं. विचारायला माणूस होता. आता एवढं मोठं शहर, आणि मी त्यात पहिल्यांदा परकी झाले.

जानेवारीत आम्ही चार विंटर टायर घेतले. उतरवलेले चार बिल्डिंगच्या तळघरातल्या जाळीच्या खोलीत, आमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवले. परत जायचं की नाही हे काही ठरलेलं नाही. प्रशांतचं ॲव्हरेज मात्र पडलं आणि तो दोन दिवस उदास होता.

मग एका सकाळी उणे चोवीस होतं. गाडी चालू केली तर टायरमध्ये हवा कमी असल्याचा दिवा लागला. किती हवा हवी ते दाराच्या आतल्या कडेला छापलेलं असतं. मला वाचता येतं. गाडीत छोटा पंपही होता. तरी मी फोन लावला.

"बाबा, हवा किती ठेवू?"

"दारावर लिहिलेलं असतं बघ," ते सावधपणे म्हणाले.

"लिहिलंय. पस्तीस. पण कधी बघायची? आत्ता, की गाडी जरा चालवून?"

मला वाटलं, आता आईला हाक मारतील.

"गाडी रात्रभर उभी होती ना? अजून हलवली नाहीस?"

"नाही."

"मग आत्ताच बघ. गार टायरचीच हवा खरी. चालवल्यावर तो गरम होतो, मग आकडा खोटा दाखवतो."

"इथे पण तसंच असेल?"

"टायर आहे गं तो. कुठे का असेना." आवाज जरा चढला होता, खूप दिवसांनी. "थंडीत हवा बसते. दर शनिवारी बघत जा. पोरीला पण शिकव."

खरं तर दुकानातल्या माणसाने मला हेच सांगितलं होतं. मी ते बाबांना सांगितलं नाही, आणि ह्या वेळी चोरी केल्यासारखंही वाटलं नाही. घर कुठे आहे असं मला कोणी विचारलं तर मी अजून अडखळते. पण माहीत असलेली गोष्टसुद्धा ज्याला विचारावीशी वाटते, तो माणूस जिथे फोन उचलतो, तिथे ते असावं. पंप घरघरत होता, मी चाकाजवळ उकिडवी बसले होते, आणि बाबा फोनवर थांबून राहिले, एक चाक, दुसरं, तिसरं. फोन हातात धरून मागच्या सीटवरून सांची मी वाचलेला प्रत्येक आकडा मोठ्याने त्यांना सांगत होती.

"किती झाली?"

"पस्तीस, आजोबा."

"चारही?"

"चारही."

"मग निघा," बाबा म्हणाले.