पाडव्यापर्यंतचं पिल्लू

मी माहेरी परत आले तेव्हा गावात माझ्यापेक्षा माझ्या कुत्र्याचीच जास्त चर्चा झाली, आणि खरं सांगते, मला ते बरं वाटलं. नवरा सोडून आलेली बाई बघायला लोक दारात येतातच. तिच्या हातात निळ्या डोळ्यांचं, लांडग्यासारखं पिल्लू असलं तर बाईची जरा सुटका होते. ओळखीच्या भाजीवाल्याच्या टेम्पोतून मी मांजरसुंब्यापर्यंत आले होते. पुढे नेकनूरकडे जाणाऱ्या काळीपिवळीत मला कुणी घेईना. दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याला मी विचारलंच नाही. लोखंडी पिंजरा टपावर चढवला आणि पिल्लू मांडीवर घेऊन आत बसले.

पिल्लू हस्की जातीचं होतं. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने हौसेनं आणलं, मग त्यांची बदली झाली आणि हौस संपली. ते कुत्रं, पिंजरा आणि सांभाळायची रीत असं सगळं मला देऊन गेले. त्या दिवशी नवरा म्हणाला, "घरात एक तर हे कुत्रं राहील, नाही तर मी." मी फार वेळ विचार केला नाही. कुत्र्यासाठी नवरा सोडला असं लोक म्हणतात. म्हणू देत. कुत्रं येण्याआधीची वर्षं मी कुणाला सांगायला बसलेले नाही, आणि आताही सांगणार नाही.

दिवाळी होऊन गेली होती. पाऊस झालाच नव्हता, म्हणून दरवर्षीपेक्षा जास्त माणसं ऊसतोडीला गेली होती. गल्लीतल्या अर्ध्या घरांना कुलपं होती. मागे राहिली होती ती म्हातारी माणसं, जनावरं आणि आता मी. आईने मला बघितलं, पिल्लू बघितलं, पिंजरा बघितला.

"ह्यात कोंबड्या ठिवायच्या का?" तिनं विचारलं.

"कुत्रं ठेवायचं."

"मोकळं कुत्रं कावून कोंडायचं?"

मी तिला सांगितलं की हा पिंजरा म्हणजे कोंडवाडा नाही, त्याची खोली आहे. कुत्रं झोपतं तिथे घाण करत नाही. त्याला आत खायला द्यायचं, आत झोपवायचं, उठलं की सरळ बाहेर ठरलेल्या जागी न्यायचं, तिथे केलं की शाबासकी द्यायची. शिक्षा म्हणून आत कधी घालायचं नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला येवढं कुणी शिकवलं न्हवतं गं, तरी तू शिकलीस की."

पण हे शिकेना. रीत चुकीची नव्हती, विद्यार्थी वस्ताद होता. पिंजऱ्यात ते भाकरीपुरतं जायचं. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी चाटूनपुसून संपवायचं आणि बाहेर यायचं. दार लावलं की मान वर करून असा सूर लावायचं की समोरची म्हातारी काठी टेकत आली. "कोण गेलं गं?" म्हणाली. कुत्रं रडणं आमच्याकडे वाईटच. दुसऱ्या दिवशी पारावर निघालं की सेक्रेटरीच्या घरचं लांडगं रडतंय म्हणून पाऊस नाही. मी पारावर जाऊनच सांगितलं, "पावसाने दगा दिला तेव्हा हे जन्मलंसुद्धा नव्हतं. तेव्हा कोण रडत होतं ते बघा."

सेक्रेटरी म्हणजे माझे वडील, आण्णा. गावच्या दूध संस्थेत दोन्ही वेळा माप घ्यायचं, फॅट बघायचं, हे त्यांचं काम. मी आल्यापासून ते माझ्याशी सरळ बोलत नव्हते. जे सांगायचं ते आईकडे बघून सांगायचे.

खरा तमाशा ओसरीत व्हायचा. आमच्या आतल्या खोल्यांत शहाबादी फरशी आहे, पण ओसरी मातीची, कारण आईला ती तशीच हवी. मी पिल्लाला परसात लिंबाखाली घेऊन जायची. ते लिंबाचा वास घ्यायचं, कावळ्याकडे बघायचं, माझ्याकडे बघायचं, काहीही करायचं नाही. आत आलो रे आलो की ओसरीत, दाराच्या उजव्या हाताला, मांडी घालून बसल्यासारखं बसायचं आणि मोकळं व्हायचं. आई घाण उचलायची, वर माती टाकायची, मग शेणाचा हात फिरवून जागा शुद्ध करायची. रोज तेच. मी त्याला शिकवायची, ते मला.

एकदा चेअरमन आण्णांना भेटायला आले. दूध संस्थेचे चेअरमन, मोठे बागायतदार, राजकारणातला माणूस. आण्णांची नोकरी त्यांच्या मर्जीवर. पिल्लू बघून ते खूश झाले.

"सेक्रेटरी, लई भारी जनावर हाय. माज्या मळ्याच्या गेटावर साखळीला शोभून दिसंल."

आण्णांनी आईकडे बघितलं. म्हणजे बोलणं मला होतं. "पाडव्यापतूर बघू. तवर घरात घाण करायचं थांबलं तर ठिवू. न्हाई तर साहेबाच्या मळ्यात. सालगडी बी पाडव्यालाच बदलत्यात."

सालगड्याचं साल आमच्याकडे पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं धरतात. ठरलं ते ठरलं, त्याला कागद लागत नाही. मी म्हटलं, "चालेल." उन्हाळ्यात साखळीला बांधलेलं ते पिल्लू माझ्या डोळ्यांपुढे आलं, पण चेहरा मी हलू दिला नाही.

संक्रांतीनंतर आड आटला आणि टँकर सुरू झाला. टँकरवरचा माणूस माणशी पाणी द्यायचा. "घरात माणसं किती?" असं विचारायचा. मी घागर घेऊन आईच्या मागे उभी असायची आणि आई माझ्या देखत सांगायची, "दोन."

"आन ही?"

"ही पाव्हणी हाय. पाडव्यापतूर जाईल."

तेव्हा मला कळलं की मुदत कुत्र्याला एकट्याला नव्हती. मला फार राग आला. आई वाईट नव्हती. लोकांनी विचारायच्या आधीच तिने उत्तर तयार ठेवलं होतं, एवढंच. पण ते उत्तर मला विचारून तयार केलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी अर्ध्या बादलीत अंघोळ करू लागले आणि उरलेलं पाणी पिल्लाच्या पातेल्यात. बायका कुजबुजल्या, कुत्र्याला पाणी पाजते म्हणून. मी म्हटलं, "माझ्या अंगाचं पाजते. तुमच्या घागरीला हात लावला का?"

माघात दूध संस्थेने लिंबागणेशच्या रस्त्याला चारा छावणी उघडली. आमची गाय आणि दोन म्हशी तिकडे गेल्या, आणि त्यांच्यामागे आई गेली. छावणीत जनावरांपाशी घरचं कुणीतरी राहावं लागतं. गोठा रिकामा झाला. घरात मी, आण्णा आणि पिल्लू. आण्णांना आता आईकडे बघून बोलता येईना, म्हणून ते पिल्लाकडे बघून बोलायचे. "चहा मिळंल का?" असं ते पिल्लाला विचारायचे आणि मी चहा ठेवायची.

आणि त्याच दिवसांत पिल्लू सुधारलं. आधी एकदा लिंबाखाली केलं. मी अशी शाबासकी दिली की समोरची म्हातारी परत काठी टेकत आली. मग रोज तिथेच करू लागलं. दुपारच्या उन्हात मी पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकायची. गारव्यासाठी ते आपण होऊन आत जायला लागलं, आणि जाता जाता ती त्याची खोली झाली. दार लावायची गरजच उरली नाही. मी फुशारले. म्हटलं, पुणेरी रीत बीडच्या मातीत रुजली. आण्णा एकदा पिल्लाला म्हणाले, "शाणं झालंस की बे." ते बोलणं मी माझ्याही खात्यावर घेतलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आई छावणीतून आली, दोन दिवसांसाठी. तेवढे दिवस जनावरांकडे छावणीतली शेजारीण बघणार होती. डोक्यावर पाटी, पाटीत शेण. सणाला घर सारवल्याशिवाय कसं? तिने संध्याकाळी ओसरी पोपडे काढून नीट केली आणि पाडव्याला पहाटेच उठून सारवली. हिरवी, ओली, बोटांच्या कमानी उमटलेली. गुढी उभी केली, तिच्यापुढे रांगोळी घातली. ओसरी इतकी देखणी दिसत होती की मी मुद्दाम बघत उभी राहिले.

पिल्लू पिंजऱ्यातून उठलं. अंग ताणलं. परसाकडे जायला निघालं, ओसरीत थबकलं, नाक जमिनीला लावलं, आईच्या बोटांच्या कमानीवरून नाक फिरवत दाराच्या उजव्या हाताला गेलं आणि गुढीच्या साक्षीने बसलं.

आई किंचाळली. आण्णा न्हाणीतून तसेच ओल्या अंगाने आले. "संपलं. आज साहेब येणारच हायत," ते म्हणाले, ह्या वेळी कुणाकडेही न बघता.

मी मात्र त्या नाकाकडे बघत राहिले होते. पिल्लाने चूक केली नव्हती. त्याच्या नाकाला शेण म्हणजे जनावरं मोकळी होतात ती जागा. दिवाळीपासून ते ओसरीत घाण करत होतं आणि आई त्याच्यावर शेण फिरवून त्याला रोज सांगत होती, हीच जागा, हीच. जनावरं छावणीत गेली, तसं शेणही गेलं. पिल्लू काही माझ्यामुळे सुधारलं नव्हतं, गोठा रिकामा झाला म्हणून सुधारलं होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी खुरपं घेतलं.

पाडव्याच्या सकाळी, गुढी उभी असताना, नुकती सारवलेली ओसरी मी खुरप्याने खरवडून काढली. आईने माझा हात धरला. "आगं, सणाचा दिस! लक्ष्मी हाय ती! येडी झालीस का?"

"लक्ष्मी लिंबाखाली जाईल," मी म्हटलं. "तिला काही कमी पडणार नाही."

"लोक काय म्हंतील?"

"लोकांनी पाडव्यापर्यंत बोलून घेतलंय. आता त्यांनी दम खावा."

ती पायरीवर बसून रडायला लागली. मी थांबले नाही. खरवडलेलं शेण आणि पाटीतलं उरलेलं, सगळं नेऊन लिंबाखाली सारवलं, आईसारख्याच कमानी काढून. ओसरीत चुलीतली राख पसरली, झाडली, परत पसरली. हात कोपरापर्यंत शेणाचे झाले होते तेव्हा जीप वाजली.

चेअरमन नवी टोपी घालून आले होते. त्यांच्या माणसाच्या हातात साखळी होती. ते खुर्चीत बसले, ओसरीकडे बघितलं, आईच्या डोळ्यांकडे बघितलं. "काय, केली का घाण?"

"दुपारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "पाडवा सकाळीच संपत नाही."

ते हसले आणि थांबले. मोठ्या माणसाला वेळ असतो. आईने चहा दिला, श्रीखंड नव्हतं म्हणून गुळाचा शिरा दिला. आम्ही पाच मोठी माणसं कुत्रं कधी मुततंय ह्याची वाट बघत सणाच्या दिवशी बसलो होतो. शेवटी पिल्लू उठलं. ओसरीच्या मधोमध आलं, नाक खाली केलं, आणि राखेने त्याला सणसणीत शिंक आली. ते परसात गेलं, लिंबाखालच्या सारवणावर फेरी मारली आणि बसलं. परत येताना चेअरमनच्या बुटांचा वास घेतला, पिंजऱ्यात शिरलं आणि सगळ्यांकडे पाठ करून पडलं.

"वा! शिकलेलं हाय की. मग तर न्यायलाच पायजे."

"दार उघडंच हाय, काका," मी म्हटलं. "बोलवा. आलं तर न्या."

त्यांनी बोलावलं. चुचकारलं. शिऱ्याचा घास दाखवला. पिल्लाने मान न वळवता लांबलचक सूर लावला, अगदी उलट उत्तर दिल्यासारखा. माणूस साखळी घेऊन पुढे झाला तेव्हा आण्णा उठले. ते पिंजऱ्याच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, बोलीपरमाणं त्यानं केलं. आता त्याचं नवं साल आमच्याकडंच धरलं."

चेअरमनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. उठता उठता ते म्हणाले, "बरं. आन पोरीचं? तिचं बी पाडव्यापतूरच व्हतं म्हंत्यात."

आई पदराने डोळे पुसत होती ती तशीच थांबली. मी शेणाचे हात तसेच ठेवून म्हटलं, "माझं बी दार उघडंच हाय. जायचं आसतं तर गेले आसते." जीप निघून गेली. त्यानंतर आण्णांना संस्थेत बरंच काही ऐकावं लागलं, ते त्यांनी घरात कधी आणलं नाही.

त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. ओसरी खरवडलेली तिला शेवटपर्यंत पटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. आई घागरी घेऊन पुढे निघाली, मी मागे. निघताना तिने कोपऱ्यातली तिसरी घागर उचलली आणि माझ्या हातात दिली. रांगेत ऊसतोडीवरून परतलेल्या बायका होत्या. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या.

"माणसं किती?" टँकरवाल्याने विचारलं.

"तीन," आई म्हणाली. तो थांबून माझ्याकडे बघायला लागला तशी ती खेकसली, "बघतो काय? तीन माणसं. आन एक कुत्रं. पाइप हिकडं कर."