वाईनच्या बागेत दिगूची कात्री

दिगू गेला.

काल सकाळी चहा पिऊन बागेकडं निघाला, पायरीवर टेकला, तो टेकलाच.

औरंगाबादकडच्या आमच्या टेंभुर्णीतला माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो द्राक्षाच्या बागेत रमला, मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात.

कालपासून "कसं झालं, काय झालं" सांगून थकलो. आज मला आमच्या नाशिकच्या ट्रिपची गोष्ट सांगू द्या. ती आठवली की या वयातही अंगात वारं शिरतं!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दिगूची बाग लागोपाठ फसली होती. आधी भुरी रोगानं, मग गारपिटीनं. त्याचा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, त्यानं जेवता जेवता सांगून टाकलं,

"उन्हाळ्यात वेलींचा मांडव मोडायचा. बाग काढ, कपाशी लाव."

दादाच्या शब्दापुढं त्या घरात कुणी जात नसे. दिगू तर कधीच नाही.

पण दुसऱ्या दिवशी गडी माझ्या दुकानात आला तो डोळे चमकवत.

"दोस्ता, नाशिककडं वाईनची द्राक्षं लावून राह्यलेत म्हणे! कंपनी बांधावरून माल उचलती. ते जमलं तर माझा मांडव वाचतो."

"मंग?"

"मंग काय! तुझी व्हॅन काढ."

व्हॅन म्हणजे मी नवीनच घेतलेली जुनी मारुती. घरी "बाग पाहायला चाललो" एवढंच सांगितलं. वाईन हा शब्द दोघांनीही गिळला. दिगूच्या बायकोनं, वैनींनी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि आम्ही सुटलो!

काय ती ट्रिप! औरंगाबाद गेलं, येवला गेलं, दिगूचं तोंड बंद नाही. बाग दिसली की, "हळू घे, हळू घे!"

"याची छाटणी उशिरा झाली."

"हा पाणी जास्त देऊन राह्यला."

मी म्हणलो, "दिग्या, तू शिकायला चाललास का पेपर तपासायला?"

वाईनरी डोंगराच्या पायथ्याला. मुंबई-पुण्याची गॉगलवाली मंडळी, हातात ग्लास. मधे आम्ही दोघं, पांढऱ्या टोप्या घालून!

तिथली मुलगी फार गोड. म्हणाली, "काका, ग्लास असा फिरवा. वास घ्या. घोट तोंडात घोळवा. नको वाटला तर या भांड्यात थुंका."

दिगू चमकला. "थुंकायचं? पोरी, एक घड पिकवायला काय लागतं, ठाऊक हाये का तुला?"

आणि एका दमात ग्लास रिकामा! तोंड असं झालं, जसा कुणी काढा पाजला.

मी विचारलं, "कशी हाये?"

"बेकार. दुसरी कोणती हाये, विचार."

मी हसू आवरेस्तोवर हा गायब.

शोधत बागेकडं गेलो तर आरडाओरडा ऐकू आला. "ओ बाबा! काय चाललंय तिकडं?"

लोक खिशाला पेन लावतात, दिगू विरळणीची कात्री लावायचा. खायच्या द्राक्षाच्या घडातले दाटीचे मणी कापून काढतात, म्हणजे उरलेले फुगतात, ती विरळणी. इथले बारीक मण्यांचे गच्च घड पाहून त्याला राहवलं नाही. गडी कंपनीच्या वेलीखाली उभा राहून बिनधास्त विरळणी करत होता! पायाशी हिरव्या मण्यांचा सडा.

ओरडणारा बागेचा मॅनेजर लालबुंद. पण दिगूला वाटलं, तो मदतीलाच आला.

"साहेब, किती ही गर्दी! मजूर मिळत न्हाई का इकडं? मी करून देतो, जल्दी होतं."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. मग भला माणूस खदखदून हसला.

"बाबा, वाईनला मणी बारीकच लागतो. रंग, चव सगळी सालीत. मणी फुगला तर आम्ही मेलो!"

"म्हणजे विरळणी न्हाई?"

"नाही."

"मणी फुगायला घड औषधात बुडवायचे न्हाई?"

"नाही."

"मंग माणसानं बागेत दिवसभर करायचं काय?"

मॅनेजरनं आम्हाला चहा पाजला, वर गेटपर्यंत सोडायला आला.

परतीला येवल्याजवळ दिगूनं खिशातली कात्री काढून पुसली. मग एकदम म्हणला,

"हे आपलं काम न्हाई. घडाला हात न लावता बाग करायची? लेकरू जन्माला घालून बोर्डिंगात टाकल्यासारखं."

"अरे पण दादाला काय सांगशील?"

"खरं."

मांडव वाचवायला गेल्तो, आणि उपाय तर नाशिकलाच सोडून आल्तो.

दादा ओसरीवरच बसला होता. "काय रे, पाहिली बाग? जमतं का आपल्याला?"

"न्हाई जमत." दिगूनं टोपी काढून हातात घेतली. "पण मांडव मी मोडणार न्हाई, दादा. आहे तीच बाग करणार."

जन्मात पहिल्यांदा त्यानं दादाला नाही म्हटलं. मी चप्पल घालून पळायच्या बेतात.

दादा ओसरीवरून उठला.

"एक हंगाम. त्याच्यापुढं मी ऐकणार न्हाई."

मित्रहो, तो हंगाम! दिगू जेवायलाही बागेतच. असे टपोरे, काचेसारखे घड लागले की दादा स्वतः एक घड हातावर घेऊन पारापर्यंत गेला. "माझ्या भावाची बाग!" ज्याला त्याला सांगत होता. मोडायची गोष्ट पुन्हा त्या घरात निघाली नाही.

काल माती देऊन परतलो. दिगूचा मुलगा बागेचं पाणी बंद करायला निघाला. दादा आता थकलाय, काठीवर चालतो. त्यानं ओसरीवरूनच हाक मारली,

"पाणी चालू राहू दे रे. सुतक आपल्याला हाये, बागेला न्हाई."

ऐकलंस ना दिग्या?

जा आता निवांत. रामराम, दोस्ता.