खिडकीसर

वर्गानं फळ्याकडे पाठ फिरवली की खूश होणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे नववीचे इंग्रजीचे सर. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकातच राहिलं, आम्ही त्यांना खिडकीसर म्हणायचो.

आमचं गाव कोपरगाव तालुक्यातलं. साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता शाळेच्या खिडकीला अगदी लागून. एकाहत्तर-बाहत्तरचा हंगाम होता. घुंगरं वाजवत उसाच्या बैलगाड्या आल्या की आम्ही खिडकीतून हात घालून ऊस ओढायचो, आणि मुलगी असून मीच सगळ्यांत पुढे. आधीच्या दोन इंग्रजीच्या मास्तरांनी आमच्यापुढे हात टेकले होते. एक छडी मोडून गेले, दुसरे रजेवर गेले ते आलेच नाहीत.

हे सर नगरहून आले. किडकिडीत, कानामागे खडू. पहिल्याच दिवशी गाडी आली, वर्ग खिडकीकडे धावला, आणि सर ओरडायचं सोडून आमच्यामागे येऊन स्वतःच डोकावायला लागले. मग म्हणाले, बाकं इकडे फिरवा, आणि ऊस ओढायचा नाही, इंग्रजीत मागायचा. गाडी काही थांबायची नाही, त्यामुळे वाक्य झटकन यायला हवं. "अर्ध्या वाक्याला अर्धंच कांडं," असं ते म्हणायचे आणि खरंच मोडून अर्धं द्यायचे. रोजच्या गाडीवाल्या बबनमामाला त्यांनी उत्तरंसुद्धा शिकवून ठेवली होती. मी मेली घरी म्हशीपुढे उभी राहून वाक्यं घोकायची.

मग तपासणी आली. सरांची नोकरी कच्ची होती. शिक्षण खात्याच्या साहेबांचा शेरा वाईट पडला तर जूनपासून दुसरा मास्तर, असं हेडमास्तरांनी त्यांना व्हरांड्यात सुनावलं, ते आम्ही ऐकलं. आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या एक दिवस फळ्याकडे बघा रे. गाडी आली तरी हलू नका." आम्ही गळ्याची शपथ घेतली.

साहेब आले, खुर्चीत बसले. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारले आणि सगळ्यांची दातखीळ बसली. तेवढ्यात घुंगरं वाजली. कुणी ठरवलं नव्हतं हो, हाताची सवयच ती. चाळीस जणांनी धडाधड बाकं फिरवली आणि साहेबांकडे पाठ करून बसले. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

आता सर गेलेच. म्हटलं, वाटोळं व्हायचं ते झालं, निदान वाक्य तरी पुरं करू. उभी राहिले आणि ओरडले, "गुड मॉर्निंग, मामा! प्लीज गिव्ह मी वन शुगरकेन."

बबनमामानं मान वळवून ऊस आत सारला. "व्हय, टेक. पण वन ओन्ली, लई न्हाई."

साहेब उठून खिडकीशी आले. मला वाटलं, आता खिडकी लावतात. त्यांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "वन फॉर मी, प्लीज."

सर मटकन खुर्चीत बसले.

शेऱ्यात काय लिहिलंय ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. अख्खी उन्हाळी सुट्टी मी जीव मुठीत धरून काढली. जूनमध्ये शाळा उघडली तशी धावत जाऊन वर्गात डोकावले. गाड्या सुरू व्हायला अजून चार-पाच महिने होते, तरी कानामागे खडू लावलेले सर एकेक बाक खिडकीकडे फिरवत होते. मला इतकं हायसं वाटलं की दारातच रडू फुटलं.

"का रडतेस, ते इंग्रजीत सांग," सर म्हणाले, "आणि पुरं वाक्य."

मोडकंतोडकं का होईना, मी पुरं सांगितलं.